न्यायासन आणि पक्षऋण

लोकमान्य टिळकांनीं सर व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर लावलेला अब्रुनुकसानीचा दावा १९१९ च्या जानेवारींत लंडन येथें सुनावणीस निघाला, आणि फेब्रुवारींत त्याचा निकाल लोकमान्यांच्या विरुद्ध गेला, हें महाराष्ट्रांतील सुशिक्षित वाचकांस ठाऊकच आहे. परंतु ज्यांच्यापुढें तो चालला ते न्यायमूर्ति डार्लिंग न्यायासनावर कोणत्या वाटेनें आले, इकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं.

त्या काळीं इंग्लंडांत हायकोर्टाचे न्यायाधीश लॉर्ड चॅन्सेलरच्या शिफारशीनें नेमले जात. हा अधिकारी न्यायखात्याचा मुख्य खरा. पण तो मंत्रिमंडळाचाहि सभासद असे, व पक्षाबरोबर अधिकारावर येई आणि पक्षाबरोबरच जाई. हुजूर पक्षाचे लॉर्ड हॅल्सबरी १८८५ पासून १९०५ पर्यंत, मधला कांहीं काळ वगळतां, या पदावर होते. पार्लमेंटांत बॅरिस्टरांचा भरणा मोठा. ज्यानें पक्षासाठीं निवडणूक लढविली त्याच्या सेवेचें ऋण न्यायाधीशाची जागा देऊन फेडण्याची रीत दोन्ही पक्षांच्या अंगवळणीं पडलेली होती. हॅल्सबरींनीं नेमलेले पुष्कळ न्यायाधीश योग्य होते, हेंहि सांगितलें पाहिजे. पण सर्वच तसे नव्हते.

चार्ल्स डार्लिंग हे १८८८ पासून डेप्टफर्डचे हुजूर पक्षीय प्रतिनिधि. वकिलींत त्यांचें नांव पहिल्या प्रतीचें नव्हतें. १८९७ च्या आक्टोबरांत त्यांच्या नेमणुकीची कुणकुण लागतांच 'टाइम्स'नें अग्रलेख लिहून नापसंति दर्शविली. आणि हें पत्र हुजूर पक्षाचें वैरी खास नव्हे. नेमणूक तरीहि झाली. पुढें १९०० सालीं बर्मिंगहॅमच्या एका संपादकानें न्यायमूर्तींवर झोंबणारा लेख लिहिला, तेव्हां कोर्टाच्या बेअदबीबद्दल त्यास शंभर पौंड दंड भरावा लागला.

आतां १९१९ चें तें न्यायालय डोळ्यांपुढें आणावें. चिरोल हे 'टाइम्स'च्या परराष्ट्रखात्याचे माजी प्रमुख. दाव्यास कारण झालेलें पुस्तकहि त्याच पत्रांतील लेखांतून निघालेलें. म्हणजे ज्या पत्रानें डार्लिंग यांस एकदां नापसंत केलें, त्याच पत्राच्या माणसाचा बचाव त्यांच्यापुढें चालला होता! चिरोल यांचे वकील सर एडवर्ड कार्सन १८९२ ते १८९७ या काळांत कॉमन्स सभेंत डार्लिंग यांच्याच बाजूस बसत असत. लोकमान्यांचे वकील सर जॉन सायमन हे मात्र लिबरल.

निकाल पक्षानें दिला, असें आम्ही म्हणत नाहीं. तो जूरीनें दिला. लोकमान्यांस राजद्रोहाबद्दल पूर्वीं दोनदां शिक्षा झालेली होती, आणि महायुद्ध नुकतेंच थांबलें होतें. अशा वेळीं लंडनच्या जूरीनें दुसऱ्या न्यायाधीशापुढेंहि कदाचित् हेंच केलें असतें. पण न्यायमूर्तींचें समारोपाचें भाषण लोकमान्यांस प्रतिकूल झालें, आणि तें कायद्यामुळें कीं जुन्या स्नेहामुळें, हें सांगण्यास आज कांहींच साधन नाहीं. पक्षाच्या नेमणुकीची खरी हानि ती हीच. अन्याय झाला तर तो सिद्ध करतां येत नाहीं, आणि न्याय झाला असला तरी हरलेल्या पक्षकारास तो पटत नाहीं.

इंग्लंडला ही गोष्ट उमजण्यास वेळ लागला. १९१२ सालीं लॉर्ड चॅन्सेलर झालेल्या हॉल्डेन यांनीं केवळ गुणवत्ता पाहण्याचा निश्चय केला. स्वतंत्र नेमणूक-आयोग मात्र २००६ सालीं आला. आपल्याकडे १९९३ च्या निकालानें शिफारशीचा मुख्य अधिकार वरिष्ठ न्यायाधीशांकडे गेला, आणि तो आयोगाकडे सोंपविणारा २०१४ चा कायदा सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं रद्द केला. नेमणारा कोण असावा, हा वाद अद्यापि चालूच आहे. तो करतांना त्या लंडनच्या न्यायालयांत बसलेल्या आपल्या वादीची आठवण ठेवावी. समोरच्या न्यायाधीशानें एके काळीं कोणत्या पक्षासाठीं मतें मागितलीं, हा विचार त्याच्या मनांत येण्याचें कारणच राहूं नये, एवढें ज्या पद्धतीनें साधेल ती आम्हांस मान्य आहे.