‘हॉपिंग’मध्ये दोन ‘पी’ का?

‘होपिंग’ म्हणजे आशा करणे, ‘हॉपिंग’ म्हणजे लंगडी घालत उड्या मारणे. लेखनात फरक एवढाच, की पहिल्यात एक ‘पी’ आणि दुसऱ्यात दोन. आपल्या शाळांत हा फरक पाठ करून घेतात. चुकला की लाल शाई. कारण सहसा कोणी सांगत नाही. ते शोधायला साडेआठशे वर्षे मागे जावे लागते.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील ऑर्म नावाच्या एका धर्मसेवकाने ‘ऑर्म्युलम’ हा पद्यप्रवचनांचा ग्रंथ रचला. त्याच्याच हातची सुमारे 19 हजार ओळींची एकमेव प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. ऑर्मने एक नियम कसोशीने पाळला: उच्चारखंड ऱ्हस्व स्वर आणि व्यंजन यांनी संपत असेल, तर ते व्यंजन दोनदा लिहायचे. नक्कल करणाऱ्यानेही ते दोनदाच लिहावे, अशी विनंती त्याने ग्रंथात केली आहे. पण त्याच्या या पद्धतीला अनुयायी मिळाले नाहीत.

पुढे तेराव्या शतकाच्या सुमारास उच्चारच बदलला. जुन्या इंग्रजीत नावाला ‘नमा’ म्हणत. त्यातला पहिला उच्चारखंड स्वरावर संपणारा, म्हणजे खुला. म्हणून तो लांबून ‘ना’ झाला. कालांतराने शेवटच्या स्वराचा उच्चार लोपला, पण तिथले ‘ई’ हे अक्षर राहिले आणि मागचा स्वर दीर्घ असल्याची खूण ठरले. ‘होप’च्या शेवटचा मुका ‘ई’ही याच वाटेने आला.

‘आयएनजी’ जोडताना हा ‘ई’ गळतो, तरी ‘हो-पिंग’मधला पहिला खंड खुलाच राहतो. ‘हॉप’चा खंड बंद ठेवायला मात्र दुसरा ‘पी’ लागतो: ‘हॉप-पिंग’. बोलताना ‘प’ एकदाच ऐकू येतो. दुसरा केवळ स्वराचा राखणदार.

कॅक्स्टनने 1476मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईबरोबर लेखन हळूहळू स्थिरावत गेले. दीर्घ स्वरांचे उच्चार मात्र त्याच काळात सरकत होते. ‘नाम’चे ‘नेम’ झाले, लेखन जुनेच राहिले.

अपवाद आहेतच. ‘हॅव’, ‘गिव्ह’ यांत ‘ई’ असूनही स्वर ऱ्हस्व आहे, कारण इंग्रजी शब्द ‘व्ही’वर संपवण्याची रीत नाही. म्हणजे अपवादालाही कारण आहे. ऱ्हस्व-दीर्घासाठी मार खाल्लेल्या आपल्या पिढीने मुलांना हे कारण सांगायला हवे. वहीत दहा वेळा लिहायला लावण्याआधी शब्द टाळ्या वाजवून फोडू द्यावा: हो-पिंग, हॉप-पिंग. दुसरा ‘पी’ कुठून आला, हे मग मूलच सांगेल.