इन्फ्लुएन्झा लसीकरण, आरोग्य कर्मचाऱ्यांचे

रुग्णालये, दवाखाने आणि वृद्धाश्रम यांत काम करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, मावशी व सफाई कर्मचारी यांनी दरवर्षी फ्लूची लस घेणे. विषाणूचे बाह्य रूप सतत बदलते आणि लसीचे संरक्षण काही महिन्यांत ओसरते, म्हणून ती वर्षागणिक घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने या वर्गाला अग्रक्रमाच्या गटांत धरले आहे. तरीही इतरांना सुई टोचणारेच स्वतःची बाही वर करायला तयार नसतात, हा जवळपास सर्व देशांतला अनुभव आहे.

लसीकरणामागचा तर्क ग्लासगोतील एका पाहणीने स्पष्ट होतो. 1993-94 च्या साथीत तेथील रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या रक्ततपासणीत सुमारे 23 टक्के जणांना नुकताच संसर्ग होऊन गेल्याचे दिसले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना आपल्याला फ्लू झाल्याचे आठवत नव्हते. चौथ्या हिश्शाहून अधिक जणांना तर श्वसनाचा कोणताच आजार आठवत नव्हता. म्हणजे ‘ताप आला की रजा घेईन’ ही हमी पुरेशी नाही.

लस न घेण्याची कारणे देशोदेशी तीच ती आढळतात : मला कधी फ्लू होत नाही, लसीनेच फ्लू होतो (निष्क्रिय विषाणूच्या लसीने तो होऊ शकत नाही), ती फारशी लागू पडत नाही, ड्यूटीतून वेळ मिळत नाही. तिसऱ्या आक्षेपात तथ्यांश आहे, कारण लसीची परिणामकारकता दरवर्षी बदलते. चौथा आक्षेप मात्र व्यवस्थापनाचा दोष आहे. रात्रपाळीच्या परिचारिकेने दुपारी बाह्यरुग्ण विभागात येऊन रांग लावावी, अशी अपेक्षा करणारी मोहीम फसतेच. लस घेऊन वॉर्डावॉर्डांत फिरणारी गाडी अनेकदा व्याख्यानांपेक्षा अधिक काम करते. अमेरिकेतील पाहण्यांत डॉक्टरांचे प्रमाण सर्वाधिक, तर मदतनिसांचे कमी आढळते. संस्थांमध्ये वृद्ध-शुश्रूषागृहे तळाशी असतात, आणि फ्लूने दगावण्याचा धोका सर्वांत जास्त असलेले रुग्ण नेमके तिथेच असतात.

आकडा खात्रीने वर नेते ती सक्ती. सिअ‍ॅटलच्या व्हर्जिनिया मेसन वैद्यकीय केंद्राने 2005 मध्ये लस ही नोकरीची अट केली आणि पहिल्याच हंगामात प्रमाण 97 टक्क्यांपुढे गेले. परिचारिकांची संघटना मात्र न्यायालयात जिंकली. तिच्या सदस्यांना अट लागू झाली नाही, त्यांनी मास्क वापरायचा असे ठरले. न्यूयॉर्क राज्याने 2009 मध्ये केलेली सक्ती लसटंचाई व न्यायालयीन वाद यांमुळे काही आठवड्यांतच स्थगित झाली. इंग्लंडने ऐच्छिक मार्ग धरला. तेथे थेट रुग्णसेवेतील कर्मचाऱ्यांचे प्रमाण 2020-21 मध्ये सुमारे 77 टक्क्यांवर पोहोचले, पण 2023-24 मध्ये ते 43 टक्क्यांच्या आसपास घसरले. कोविडकाळातील लसींचा वीट हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

सक्तीचे समर्थक एक अडचण सहसा हळू आवाजात सांगतात. लस घेणाऱ्याचे रक्षण होते, याचे पुरावे भक्कम आहेत. त्यामुळे रुग्णांचे मृत्यू किती टळतात, याचे तेवढे नाहीत. वृद्धाश्रमांतील चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेला ठाम निष्कर्ष काढता आला नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात लवादांनी याच मुद्द्यावर ‘लस घ्या, नाहीतर मास्क लावा’ हे धोरण फेटाळले.

भारतात ही लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. कर्मचाऱ्यांसाठी शिफारस आहे, सर्वत्र पुरवठा नाही. ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाल्यावर या प्रश्नाकडे लक्ष गेले. 2010 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी लस आयात झाली. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस आणली. तरी स्वीकार अल्पच राहिला. श्रीनगरमधील एका पाहणीत लस घेतलेले कर्मचारी 5 टक्क्यांहूनही कमी निघाले. वेळापत्रकाचाही घोळ आहे. काश्मीरमध्ये फ्लू हिवाळ्यात बळावतो, महाराष्ट्रासह बहुतेक भारतात मुख्यतः पावसाळ्यात. त्यामुळे युरोप-अमेरिकेप्रमाणे ऑक्टोबरात दिलेली लस जुलैपर्यंत क्षीण झालेली असते. महाराष्ट्रासाठी ती एप्रिल-मेमध्ये देणे अधिक योग्य.