बालकांची हृदयतपासणी : केव्हा व का? – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे ८ ते १० बालकांच्या हृदयरचनेत जन्मतःच काही दोष असतो. त्यांपैकी काही दोष आपोआप भरून येतात, काहींवर सवडीने उपचार करता येतात, तर काही जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच प्राणावर बेततात. त्यामुळे कोणत्या बालकास केव्हा आणि कशासाठी बालहृदयरोगतज्ज्ञाकडे न्यावे, हा प्रश्न केवळ वैद्यकापुरता मर्यादित राहत नाही; पालक, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांचाही तो प्रश्न ठरतो. आज वैद्यकीय ग्रंथांत अशा लक्षणांची यादी तयार मिळते. मात्र तीतील प्रत्येक लक्षणामागे निदान व उपचार यांच्या विकासाचा एक टप्पा उभा आहे. प्रस्तुत लेखात या टप्प्यांचा आढावा घेऊन तपासणीच्या ‘वेळे’ला महत्त्व कसे प्राप्त झाले, हे पाहावयाचे आहे.

निदान होते, उपचार नव्हता :

सन १८१६ मध्ये पॅरिस येथे रेने लाएनेक यांनी स्टेथोस्कोपचा शोध लावला आणि हृदयाचे ध्वनी ऐकण्याचे शास्त्र उदयास आले. १८८८ मध्ये मार्से येथील आर्थर फॅलो यांनी ‘निळ्या आजारा’मागील चार रचनादोषांचा समुच्चय स्पष्ट केला. आजही तो दोष त्यांच्याच नावाने ओळखला जातो. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील वैद्यकीय संग्रहालय सांभाळणाऱ्या मॉड ॲबट यांनी १९३६ मध्ये एक हजार रुग्णांच्या अभ्यासावर आधारित जन्मजात हृदयदोषांचा सचित्र कोश प्रसिद्ध केला. या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि, हे ज्ञान प्रामुख्याने शवविच्छेदनातून आलेले होते. दोष ओळखला तरी करण्यासारखे फारसे काही नसल्याने बालक आज तपासले काय किंवा वर्षभराने तपासले काय, परिणामात फरक पडत नसे.

उपचारामुळे वेळेला आलेले महत्त्व :

ही स्थिती १९३८ मध्ये पालटली. गर्भावस्थेत फुप्फुसधमनी व महाधमनी यांना जोडणारी एक वाहिनी असते. जन्मानंतर ती बंद होणे अपेक्षित असते. बोस्टन येथील रॉबर्ट ग्रॉस यांनी २६ ऑगस्ट १९३८ रोजी एका सात वर्षांच्या मुलीची अशी उघडी राहिलेली वाहिनी शस्त्रक्रियेने यशस्वीपणे बांधली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील हेलन टॉसिग यांच्या निरीक्षणात याच वाहिनीची दुसरी बाजू आली होती. श्रवणशक्ती क्षीण झाल्यामुळे बालकांच्या छातीवर हात ठेवून स्पंदने जाणण्याची सवय त्यांनी लावून घेतली होती. काही निळी बालके ही वाहिनी उघडी असेपर्यंत तग धरतात आणि ती मिटताच खालावतात, हे त्यांच्या ध्यानी आले. तेव्हा अशा बालकांसाठी कृत्रिम जोडवाहिनी का करू नये, असा प्रश्न त्यांनी शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्यापुढे मांडला.

या शस्त्रक्रियेचे तंत्र कुत्र्यांवरील प्रयोगांतून सिद्ध करण्याचे काम प्रयोगशाळेतील कृष्णवर्णीय तंत्रज्ञ व्हिव्हियन थॉमस यांनी केले. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका कृश बालिकेवर पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा थॉमस हे ब्लॅलॉक यांच्या पाठीमागे उभे राहून सूचना देत होते. ती बालिका पुढे काही महिन्यांनी दगावली, परंतु नंतरच्या शस्त्रक्रियांनी मार्ग खुला केला. थॉमस यांना त्याच विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदयातील छिद्र बंद केले आणि उघड्या हृदयावरील शस्त्रक्रियांचे युग सुरू झाले.

या घटनांनंतर ‘केव्हा’ या प्रश्नाला खरा अर्थ आला. ओठ व जीभ निळसर होणे, दूध ओढताना धाप लागून घाम फुटणे, वजन न वाढणे, वारंवार न्यूमोनिया होणे ही लक्षणे आता केवळ नोंद करण्याजोगी राहिली नाहीत. हृदयातील मोठ्या छिद्रामुळे फुप्फुसांकडे जादा रक्त जात राहिल्यास तेथील रक्तवाहिन्या कालांतराने कायमच्या कठीण होतात. त्यानंतर छिद्र बुजविणेही धोक्याचे ठरते. म्हणजेच विलंबाने दोष तोच राहतो, पण उपचाराची संधी निघून जाते.

अनावश्यक भीतीचे दुष्परिणाम :

या इतिहासाची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. हृदयातून ऐकू येणारा प्रत्येक जादा ध्वनी, म्हणजेच ‘मर्मर’, रोगाचे लक्षण नसतो. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०९ मध्ये निरोगी मुलांतील अशाच एका सुरेल, निरुपद्रवी मर्मरचे वर्णन केले. तरीही पुढील कित्येक दशके अशा मुलांना खेळापासून दूर ठेवले जात असे. १९६७ मध्ये अमेरिकेतील बर्गमन व स्टॅम यांनी शाळकरी मुलांच्या अभ्यासातून असे दाखविले की, खऱ्या हृदयरोगापेक्षा ‘नसलेल्या’ हृदयरोगामुळे अधिक मुलांवर बंधने आली होती. तज्ज्ञाकडे पाठविण्याचे प्रयोजन जसे रोग शोधणे, तसेच रोग नाही हे खात्रीने सांगून मुलाला मैदानावर परत पाठविणे, हेही आहे.

जन्मानंतर उद्भवणारे विकार :

हृदयविकार जन्मजातच असतो असे नाही. घशाच्या जंतुसंसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन मोठे सांधे एकामागून एक सुजणे, हे संधिवाती तापाचे लक्षण होय. त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये त्याच्या निदानाचे निकष मांडले. २०१५ च्या सुधारणेत स्टेथोस्कोपने ऐकू न येणारी, परंतु इकोकार्डिओग्राफीत दिसणारी झडपांची सूजही त्यांत समाविष्ट झाली. जपानमधील तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये एका नव्या आजाराच्या ५० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाच किंवा अधिक दिवसांचा ताप, लाल डोळे व ओठ, अंगावर पुरळ अशी लक्षणे असलेल्या या आजारात हृदयाच्या धमन्यांना फुगवटे येतात. पहिल्या दहा दिवसांत उपचार झाल्यास हा धोका बराच घटतो. १९५७ मध्ये नॉर्वेतील येरवेल व लांगे-निल्सन यांनी एकाच कुटुंबातील जन्मतः बहिऱ्या मुलांना येणाऱ्या मूर्च्छा व त्यांचे आकस्मिक मृत्यू यांचा संबंध ईसीजीतील दोषाशी जोडला. खेळताना अथवा घाबरल्यावर शुद्ध हरपणे आणि कुटुंबात तरुणपणी आकस्मिक मृत्यू झालेला असणे, या दोन्ही बाबी तपासणीच्या यादीत येण्यामागे असे अभ्यास आहेत.

लक्षणांपूर्वीचा शोध आणि महाराष्ट्र :

१९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हर्ट्झ यांनी श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने हृदयाचे चलन टिपले. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व मांडले. पहिल्या शोधामुळे शरीर न उघडता हृदयाची रचना पाहता येऊ लागली, तर दुसऱ्यामुळे डोळ्यांना न दिसणारा निळेपणा मोजता येऊ लागला. नवजात बालकाच्या उजव्या हाताचे व पायाचे प्राणवायूचे प्रमाण मोजून गंभीर दोषांचा संशय घेण्याची पद्धत २०११ मध्ये अमेरिकेच्या शिफारस केलेल्या चाचण्यांत समाविष्ट झाली.

भारतात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष व संधिवाती हृदयरोग या दोहोंचा अंतर्भाव आहे. फिरत्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत वर्षातून एकदा तपासणी करावी, अशी योजना आहे. तथापि, दोन तपासण्यांच्या मधल्या काळात मूल ज्यांच्या डोळ्यांसमोर असते, त्यांच्या सजगतेला पर्याय नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. निळेपणा, स्तनपानाच्या वेळी धाप, वजन न वाढणे, श्रम करताना मूर्च्छा किंवा छातीत दुखणे, ही लक्षणे दिसताच विलंब न करता तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो. त्यामुळे त्यांची तपासणी लक्षणांची वाट न पाहता व्हावी. गरोदरपणी मातेस रुबेला झाल्यास हृदयदोष संभवतो, हे ऑस्ट्रेलियातील नॉर्मन ग्रेग यांच्या १९४१ च्या निरीक्षणापासून ज्ञात आहे. अशी बालकेही याच गटात मोडतात. मर्मर ऐकू आल्यास घाबरून मुलाचा खेळ बंद करण्याऐवजी तो निरुपद्रवी आहे की नाही याचा निर्णय तपासणीने करून घ्यावा. वर्गात सतत मागे राहणारे, दोन जिने चढताच बसणारे मूल आळशी ठरविण्यापूर्वी त्याची हृदयतपासणी झाली आहे काय, हे शिक्षकाने विचारणे अगत्याचे आहे. १९३८ पूर्वी या विचारणेने त्या मुलाच्या भवितव्यात फारसा फरक पडला नसता. आज त्यावर त्याचे आयुष्य अवलंबून असू शकते.