बाराखांबीचे नऊ खांब

इअरफोन लावलेत ना? आजच्या भागाची सुरुवात माझ्या फजितीपासून.

गेल्या दिवाळीत अंबाजोगाईला घरी गेलो होतो. तिथलं सकलेश्वर मंदिर आम्हा गावातल्या पोरांसाठी कायम 'बाराखांबी'च. लहानपणी तिथं लपाछपी खेळलोय. आता बीटेक झालंय, पुण्यात नोकरी आहे, आणि काम काय, तर डिलिव्हरीचे पत्ते नकाशावर अचूक बसवायचं. म्हटलं, एवढं येतंय तर बाराखांबीचं थ्रीडी मॉडेल करू. फोनवर 240 फोटो काढले, रात्री लॅपटॉपला कामाला लावलं आणि झोपलो. सकाळी उठून मॉडेल फिरवून पाहिलं, खांब मोजले. नऊ!

नाव बाराखांबी आणि खांब नऊ. आई म्हणाली, "उरलेले झोपेत गेले का?"

झालं काय होतं ते सांगतो, कारण आजच्या विषयाची किल्ली त्यातच आहे. या पद्धतीला फोटोग्रामेट्री म्हणतात. एकच ठिपका दोन-तीन फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून दिसला, की सॉफ्टवेअर गणित करून तो ठिपका अवकाशात कुठे आहे ते काढतं. असे लाखो ठिपके जमले की मंदिर उभं राहतं. पण खांब एकसारखे असले की सॉफ्टवेअर गोंधळतं. या खांबाला तो खांब समजतं आणि दोघांना एकमेकांवर चढवतं. कारागिरांनी खांब इतके हुबेहूब घडवले, की आठशे वर्षांनी माझा लॅपटॉप फसला.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. प्रत्येक खांबाच्या पायाशी जमिनीवर नंबर लिहिलेला पुठ्ठा ठेवला आणि शेजारी मोजायची टेप पसरली. टेप कशाला? नुसत्या फोटोंना आकार कळतो, माप कळत नाही. टेप नसेल तर सॉफ्टवेअरला मंदिर आणि काडेपेटी सारखीच. या वेळी खांब आपापल्या जागी उभे राहिले.

मी खूश. दोन खांबांमधलं अंतर मला आता घरबसल्या मोजता येत होतं. पण ते खांब कुणी उभे केले, हे त्या लाखो ठिपक्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं.

ते माहीत होतं शिलालेखाला. बाराखांबीचा लेख शके 1150 चा, म्हणजे इसवी सन 1228 चा. त्या वेळी देवगिरीला यादव राजा सिंघण होता आणि त्याचा सेनापती खोलेश्वर याचं आपल्या अंबाजोगाईशी घट्ट नातं होतं. गावातलं खोलेश्वर मंदिर त्याच्याच नावाचं. तिथला 1240 चा लेख वाचला की मन हलतं. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत मारला गेला आणि त्याची बहीण लक्ष्मी हिनं भावाच्या आठवणीसाठी मंदिर बांधलं. हे लेख ग. ह. खरे यांनी 1930 साली छापून ठेवले, म्हणून आज मी तुम्हाला हे सांगू शकतो.

आता गंमत बघा. लेखाला 'कोण' माहीत आहे. माझ्या मॉडेलला 'कुठे' माहीत आहे. इतिहासाला दोन्ही लागतात.

पीएचडीनंतर यात पुढचं संशोधन करणारी मंडळी नेमकं हेच जोडकाम करतात. लेझर स्कॅनरनं इमारत मोजायची आणि जीआयएसमध्ये एकावर एक थर ठेवायचे: जमिनीचा चढउतार, नदी, जुने रस्ते, लेख कुठे सापडला ती जागा. मग एकेकटी इमारत न पाहता सगळी वस्ती एकत्र पाहायची. कंबोडियातल्या अंगकोरला 2012 मध्ये डेमियन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून लायडार वापरलं. लेझरचे काही किरण झाडांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. संगणकावर झाडं बाजूला केली आणि जंगलाखालचे रस्ते, बांध, तळी दिसायला लागली. जग ज्याला एकटं देऊळ समजत होतं, त्याच्याभोवती अख्खं शहर पसरलेलं होतं.

आपल्याकडे तेवढं जंगल नाही. आपल्याकडे जुन्या शहरावर नवं शहर बसलंय. घराच्या स्लॅबमधून लेझर आरपार जात नाही. तिथं कुदळच लागते. 2024 मध्ये राज्य पुरातत्त्व विभागानं बाराखांबीच्या परिसरात उत्खनन केलं, तेव्हा आणखी दोन मंदिरांचे पाये उघडे पडले. ज्या आवारात आम्ही लपाछपी खेळायचो, तिथं आमच्यापेक्षा भारी लपलेलं कुणीतरी होतं!

मी क्यूजीआयएस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये अंबाजोगाईचा छोटासा नकाशा सुरू केला. बाराखांबी, खोलेश्वर, योगेश्वरी, दगडी हत्ती असलेली हत्तीखान्याची लेणी आणि जयंती नदी. पर्यटक ही ठिकाणं एकेक करून 'करतात'. एका पडद्यावर आली की प्रश्नच बदलतो. हे देऊळ कधीचं, यावर आपण थांबत नाही. इथून तिथं माणसं कशी जात असतील? पाणी कुठून येत असेल? दगड कुठल्या बाजूनं आणला असेल?

आणि इथंच मी अडकलो, कारण एक ठिपका मला टाकताच येईना.

आमच्या जुन्या घराच्या उंबऱ्यापाशी एक कोरीव दगड होता. कमळाच्या पाकळ्यांची पट्टी होती त्याच्यावर. आजी त्यावर बसून कोथिंबीर निवडायची. 2016 ला घर पाडून नवं बांधलं आणि मलब्याच्या ट्रॅक्टरमधून तोही गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, फोन खिशात होता. एक फोटो काढला नाही.

आजीला विचारलं, "तो दगड आला कुठून?"

"नदीकडून आणला होता रे मामंजींनी. बैलगाडीत घालून."

"नदीकडून म्हणजे नेमका कुठून?"

"आता मला काय माहीत? मी काय गाडीत बसले होते?"

नदी लांबलचक. माझी नोकरी अचूक पत्ता शोधायची आणि माझ्याच घरच्या दगडाचा पत्ता मला सापडेना. शेवटी ठिपका टाकलाच नाही. नदीकाठानं एक लांबट पट्टा आखला आणि त्यात लिहिलं: 'आजीच्या सांगण्यावरून. दगड आता उपलब्ध नाही.' खोटा ठिपका टाकण्यापेक्षा खरा पट्टा बरा.

बीड जिल्ह्यात, किंवा तुमच्या कुठल्याही गावात, असे दगड पारावर, विहिरीच्या काठाला, गोठ्याच्या भिंतीत दिसतील. दगड हलला की त्याचा अर्धा इतिहास जागेवरच राहतो, आणि ती जागाही विसरली की उरतं फक्त नक्षीकाम. म्हणून एवढंच करा. दगड हलवू नका, त्याला शेंदूर-रंग फासू नका. शेजारी पट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा, लोकेशन चालू ठेवा. फोनचं लोकेशन पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं, तेव्हा जवळची खूण लिहून ठेवा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा आला कुठून? सर्व्हरचा बॅकअप निघतो हो, आजीचा निघत नाही.

बाराखांबीचे तीन खांब मला दुसऱ्या दिवशी परत मिळाले, कारण ते जागेवर होते. आमच्या उंबऱ्याच्या दगडाला दुसरा दिवस मिळाला नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर आजीला एक फोन करा.