दारू सुटल्यानंतरचे काम

दारू सोडणे आणि दारूविना राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एका दिवसात घडू शकते, दुसरी रोज करावी लागते. व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी परतला की 'सुटला एकदाचा' असे म्हणून घरचे निःश्वास टाकतात. परंतु पुन्हा पिण्याचा धोका सर्वाधिक असतो तो नेमका त्यानंतरच्या काही महिन्यांत. हा काळ निभावायचा कसा, याची ही माहिती.

शरीराला लागणारा वेळ

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली, तर काही तासांतच हात थरथरणे, घाम येणे, मळमळ आणि निद्रानाश सुरू होतो. काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास आणि भ्रम होण्याची शक्यता असते आणि ही अवस्था जिवावरही बेतू शकते. म्हणून सोडण्याची सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी.

हा टप्पा बहुधा आठवडाभरात ओसरतो. मात्र तुटक झोप, चिडचिड, उदासी आणि कशातच मन न रमणे हे पुढे कित्येक आठवडे, कधी काही महिने टिकते. 'दारू सोडूनही बरे वाटत नाही, मग सोडून काय मिळाले?' हा प्रश्न याच काळात पडतो. मेंदू पूर्ववत होण्यास लागणारा हा वेळ आहे, हे ठाऊक असलेला माणूस तो अधिक धीराने काढू शकतो.

ओढ आणि तिची कारणे

पिण्याची ओढ लागणे हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. ठरावीक वेळ, ओळखीची वाट, जुने सोबती, एखादा वास यांच्याशी मेंदूने दारूचे नाते जोडलेले असते. ही ओढ लाटेसारखी चढते आणि तिला खतपाणी घातले नाही, तर बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते. तेवढा वेळ जागा सोडणे, काहीतरी खाणे किंवा कुणाला तरी फोन करणे हे उपाय साधे असले, तरी उपयोगी पडतात.

भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत ओढ बळावते. म्हणून वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि रिकाम्या संध्याकाळीची आधीच केलेली आखणी यांना औषधाइतकेच महत्त्व आहे.

गोव्यात आणखी एक अडचण आहे. काजूच्या मोसमातील हुर्राक, कार्निव्हल, सांजांव, लग्नाचे स्वागत समारंभ अशा प्रत्येक प्रसंगी पेला पुढे येतो. सोडलेल्याने पहिल्या वर्षी असे काही प्रसंग टाळले, तर त्यात कमीपणा नाही. जावेच लागले, तर नकाराचे शब्द आधी ठरवावेत, हातात सरबताचा पेला ठेवावा आणि लवकर निघावे. यजमानांनीही 'एकच घे' हा आग्रह सोडावा. एकवर थांबता येत नाही, हाच तर त्या माणसाचा आजार आहे.

घसरण म्हणजे शेवट नव्हे

पुष्कळ जण सोडल्यानंतर एकदा तरी घसरतात. खरा घात त्या एका पेल्यानंतरच्या विचाराने होतो: 'आता सगळे संपलेच, मग पूर्णच पिऊ.' पेला तिथेच ठेवून त्याच दिवशी समुपदेशकाला किंवा सोबत्याला सांगितले, तर घसरण तेवढ्यावर थांबू शकते. लपवली, तर वाढत जाते. शिवाय काही महिन्यांच्या खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. तेव्हा पूर्वीइतके पिणे अधिक धोक्याचे ठरते.

सोबत आणि औषध

अमेरिकेतील ॲक्रन येथे १९३५ मध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी एकमेकांना सावरले. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' उभी राहिली. वर्गणी नाही, आडनाव सांगण्याची सक्ती नाही आणि निश्चय फक्त आजच्या दिवसाचा, ही तिची रीत. गोव्यातही तिच्या सभा होतात. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने उपचारानंतरच्या पाठपुराव्याचे महत्त्व मराठी घराघरांत पोहोचवले.

ओढ कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत, पण ती मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावीत. डायसल्फिराम ही गोळी वेगळी आहे: ती चालू असताना दारू घेतल्यास उलट्या, छातीत धडधड आणि रक्तदाब घसरण्यासारखा त्रास होतो. काही घरांत ती नकळत जेवणात मिसळली जाते. ज्याला ठाऊकच नाही तो पितो आणि जीव धोक्यात येतो. असे कदापि करू नये.

घरच्यांची बाजू

सोडणाऱ्याला वाटते, महिना झाला, आता तरी विश्वास ठेवा. पत्नीच्या मनात मात्र दहा वर्षांच्या रात्री असतात. दोघांचेही खरे असते. रोज तोंडाचा वास घेणे, जुने हिशेब काढणे याने घर निवत नाही, आणि 'मी सोडली ना' एवढ्याने झालेले नुकसानही भरत नाही. पगार घरी येणे, सांगितलेल्या वेळी परतणे, मुलांच्या शाळेत जाणे अशा लहान गोष्टींतून विश्वास परत येतो. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' हे स्वतंत्र गट १९५१ पासून काम करीत आहेत.

मदत कुठे मिळेल?

गोव्यात बांबोळी येथील मनोविकृती व मानववर्तन संस्थेत व्यसनावर उपचार होतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकांवर निःशुल्क उपलब्ध आहे. फोन करण्यासाठी घसरण होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. नुसती ओढ लागली, तरी तेवढे कारण पुरेसे आहे.