विद्यापीठ वेशीबाहेर पडलें तेव्हां

अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें आणि तेथील कापूस लिव्हरपूलच्या बंदरांत येईनासा झाला. ज्या युद्धानें मुंबईच्या कापूसबाजारांत पैशांचा पाऊस पाडला, त्याच युद्धानें लँकेशायरमधील विणकरांच्या चुली विझविल्या. सातासमुद्रांपलीकडील घडामोड आपल्या तोंडच्या घासापर्यंत कशी येऊन पोहोंचते, हें त्या कामकऱ्यांनीं उपाशी पोटीं अनुभविलें. परंतु तिचा कार्यकारणभाव उलगडून सांगणारा कोणी त्यांच्यापाशीं नव्हता. ज्यांस तो ठाऊक होता ते पंडित ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील तटबंद आवारांत होते, आणि तेथील दारें बहुतांशीं सुखवस्तु घरच्या मुलांकरितांच उघडत.

हीं दारें आंतून उघडण्याचें मोठें श्रेय जेम्स स्टुअर्ट या स्कॉटिश तरुणाकडे जातें. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा हा फेलो १८६७ सालीं, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षीं, लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर व शेफील्ड या शहरांतील स्त्रियांपुढें खगोलशास्त्रावर व्याख्यानें देऊं लागला. तरुण पुरुषानें स्त्रियांस तोंडी प्रश्न विचारावेत, हें त्या काळच्या शिष्टाचारास रुचणारें नव्हतें; म्हणून त्यानें प्रश्न लेखी दिले व उत्तरेंही लिहून मागविलीं. संकोचांतून निघालेली ही युक्ति पुढें या शिक्षणपद्धतीचा कणा ठरली.

रॉचडेल येथें निराळाच धडा मिळाला. तेथील कामकऱ्यांनीं १८४४ सालीं आपलें सहकारी भांडार काढलें होतें. त्यांच्यापुढें स्टुअर्टचीं व्याख्यानें होत. एकदां त्याच्या आकृत्या भिंतीवर तशाच राहून गेल्या. पुढच्या खेपेस तो येतो तों सभासद त्या आकृत्या न्याहाळून शंका घेऊन तयार! तेव्हांपासून व्याख्यानाच्या जोडीला प्रश्नोत्तरांचा वर्ग ठेवण्याची वहिवाट पडली.

१८७३ सालीं केंब्रिज विद्यापीठानें ही योजना आपलीशी केली व नॉटिंगहॅम, डर्बी आणि लेस्टर येथें पहिल्या व्याख्यानमाला झाल्या. योजना फोफावली, पण श्रोतृसमुदाय वाढला तसतसा अनेक ठिकाणीं कामकरी मागें पडूं लागला. वर्गणी त्यास परवडत नसे. आणि भरल्या सभेंत विणकरानें उठून प्राध्यापकास अडवावें, हें क्वचितच घडे. वक्तृत्व ऐकून मंडळी टाळ्या वाजवीत व घरीं जात.

ही उणीव ज्यास विशेष बोंचली तो प्राध्यापक नव्हता. अल्बर्ट मॅन्सब्रिज हा सुताराचा मुलगा चौदाव्या वर्षीं शाळा सोडून कारकुनीस लागला होता. त्यानें व त्याच्या पत्नीनें १९०३ सालीं घरखर्चांतील अडीच शिलिंग बाजूस काढून एक संस्था स्थापिली. तीच पुढें कामकरी शिक्षण संघ म्हणून नांवारूपास आली.

या संघाच्या सहकार्यानें १९०८ सालीं ऑक्सफर्डतर्फे रॉचडेल व लाँगटन येथें वर्ग उघडले. शिक्षक होते रिचर्ड टॉनी. त्यांचा जन्म १८८० सालीं कलकत्त्यास झाला. कथासरित्सागराचें इंग्रजी भाषांतर करणारे संस्कृतज्ञ चार्ल्स टॉनी हे त्यांचे वडील. वर्गांत सुमारें तीस जण, अभ्यास तीन वर्षांचा, दोन तासांपैकीं एक तास व्याख्यान व एक तास चर्चा, आणि पंधरवड्यास एक निबंध, अशी शिस्त होती. आठवडाभर मागावर नि भट्टीवर राबलेले विणकर व कुंभार तेथें आर्थिक इतिहासावर गुरूशीं वाद घालीत. १९१२ सालीं टॉनींनीं सोळाव्या शतकांतील शेतीच्या प्रश्नावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या प्रस्तावनेंत त्यांनीं या शिष्यांचें ऋण मानलें आहे.

महाराष्ट्रांत विद्यापीठांच्या ‘बहिःशाल’ व्याख्यानमाला गांवोगांवीं पोहोंचल्या, त्यांच्या नांवांतही हीच कल्पना आहे: ज्ञान शाळेच्या भिंतीबाहेर नेणें. परंतु भिंत ओलांडली म्हणजे अर्धेंच काम झालें. जगाचें राजकारण व अर्थकारण यांवर बोलणाऱ्या विद्वानांचा आवाज आज घरोघरीं ऐकूं येतो; ऐकणाऱ्यानें उलट विचारावें आणि बोलणाऱ्यानें थांबून उत्तर द्यावें, यासाठीं मात्र वेळ फारसा राखलेला नसतो. रॉचडेलच्या सभासदांनीं भिंतीवरील आकृत्यांकडे पाहून जें केलें, तें ज्या सभेंत घडत नाहीं, ती सभा कितीही भरली तरी तिला वर्ग म्हणतां येणार नाहीं.