तापलेल्या फणीची कहाणी

न्हाण्याचा दिवस आपल्या घरांत कसा जात असे, ते जरा आठवून पाहा. शिकेकाई उकळायची, चुलीवर पाण्याचा हंडा चढवायचा आणि न्हाऊन झाले की पंचाने केस झटकून, उन्हाकडे पाठ करून अंगणात बसायचे. पावसाळ्यात ऊन नसले म्हणजे शेगडीतल्या निखाऱ्यांवर चिमूटभर धूप टाकून त्या उबेवर केस धरायचे. ही रीत फार जुनी आहे. मेघदूत शिकवणाऱ्या गुरुजींना आठवेल की, उज्जयिनीच्या स्त्रिया केसांना धूप देतात आणि खिडक्यांच्या जाळीतून निघालेल्या त्या धुराने मेघ पुष्ट होतो, असे कालिदासाने वर्णिले आहे. तेव्हा घरच्या घरी ऊब देऊन केस वाळवणे आपल्याला नवे नाही. नवी आहे ती वीज. आणि नवी आहे ती केस सरळच हवेत, ही ओढ.

आता तालुक्याच्या बाजारातही गरम वाऱ्याचे यंत्र आणि केस सरळ करणारा विजेचा चिमटा मिळतो. लग्नसराईत मुली घरीच आरशासमोर बसून तासन् तास केस ओढतात आणि आजी विचारते, "अगं, देवाने दिलेल्या केसांचं काय वाईट झालं?" आजीचा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात मोठा इतिहास आहे. तोच आज आपण पाहू.

प्रथम फ्रान्सात जाऊ. तेथे १८७० च्या दशकात मार्सेल ग्रातो नावाच्या केशकर्त्याने लोखंडी चिमटा तापवून केसांना लाटांसारखा आकार देण्याची युक्ती बसवली. पुढे १८९० च्या सुमारास अलेक्झांद्र गोदफ्रवा या दुसऱ्या फ्रेंच कारागिराने केस वाळवण्याचे यंत्र केले. बाईने खुर्चीत बसायचे, डोक्यावर टोपडे घ्यायचे आणि शेगडीच्या नळीतून येणारी गरम हवा त्यात सोडायची! हातात धरता येईल असे विजेचे यंत्र घरोघर पोचू लागले ते १९२० च्या दशकात. तेही जड होते, आणि केस वाळायला वेळ लागे तो वेगळाच. हा झाला शोभेचा आणि सोयीचा इतिहास.

परंतु तापलेली फणी स्वयंपाकघरात शिरली, ती नुसत्या शोभेसाठी नव्हे. त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावे लागेल.

अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. आपल्या महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ते अर्पण केले, हे आपण जाणताच. ते पुस्तक निघाले तेव्हा लुइझियाना प्रांतातील डेल्टा या गावी सारा ब्रीडलव्ह नावाची मुलगी पाच वर्षांची होती. तिचे आईबाप कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. घरात स्वतंत्र म्हणून जन्मलेले पहिले मूल ते हेच.

बेडी तुटली, पण नजर बदलली नाही. कुरळ्या, दाट केसांना 'वाईट केस' आणि गोऱ्यांसारख्या सरळ केसांना 'चांगले केस' म्हणण्याची रीत तशीच राहिली. नोकरी मागायला जावे, तर आधी कातडी पाहिली जाई, मग केस. कातडी बदलता येत नाही; केस घटकाभर बदलता येतात. म्हणून शनिवारी रात्री आई मुलीला चुलीपाशी बसवी, लोखंडी फणी विस्तवावर धरी आणि एकेक बट ओढून सरळ करी. कान भाजे, मान पोळे, केसांचा जळका वास सुटे. मानेवरच्या आखूड, हट्टी केसांना तर त्या लोकांत 'स्वयंपाकघर' असेच नाव पडले. रविवारी चर्चमध्ये पोर व्यवस्थित दिसावी, तिला कोणी हिणवू नये, एवढाच त्या माउलीचा हेतू.

साराची कथाही ऐकण्याजोगी आहे. सातव्या वर्षी पोरकी, चौदाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी विधवा, पदरी एक मुलगी. सेंट लुइस शहरात तिने वर्षानुवर्षे लोकांचे कपडे धुतले. डोक्याच्या त्वचेचा विकार होऊन तिचे केस गळू लागले. प्रथम ॲनी मलोन या कृष्णवर्णीय उद्योजिकेची औषधे तिने विकली. मग स्वतःचे मलम काढले. १९०६ साली चार्ल्स वॉकर यांच्याशी विवाह झाल्यावर ती 'मॅडम सी. जे. वॉकर' या नावाने प्रसिद्ध झाली. १९१० साली इंडियानापोलिस येथे तिने आपले ठाणे केले आणि कारखाना उभारला.

तापल्या फणीचा शोध तिने लावला असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. फणी आधीपासून होती. तिच्या पद्धतीत फणी होती खरी, पण आपल्याला 'केस सरळ करणारी' म्हटलेले तिला आवडत नसे. डोके स्वच्छ ठेवा, त्वचा निरोगी ठेवा, केस वाढवा, हा तिचा सांगावा. तिने हजारो स्त्रियांना हे काम शिकवले. ज्यांना धुण्या-भांड्यांवाचून दुसरे काम मिळत नव्हते, त्या स्वतःच्या कमाईवर उभ्या राहिल्या. १९१७ साली फिलाडेल्फियात त्यांची परिषद भरली. तेथे केवळ मलमाची चर्चा झाली नाही. जमावाने काळ्या माणसांना ठार मारण्याचे जे प्रकार चालले होते, त्यांविरुद्ध त्या स्त्रियांनी राष्ट्राध्यक्षांकडे दाद मागितली. १९१९ साली मॅडम वॉकर वारल्या.

आता थोडे शास्त्र. तापवल्याने केस सरळ का होतो? धोतराचे उदाहरण घ्या. सुती धोतर किंचित ओले करून इस्त्री फिरवली की चुण्या जातात. पुन्हा पाण्यात घातले की परत येतात. केसांचेही तसेच. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या आत नाजूक बंध असतात. ते पाण्याने सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात धराल त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून पावसाची हवा लागली की सगळी मेहनत फुकट! मात्र आच फार झाली, २०० अंशांच्या पुढे गेली, तर प्रथिनच मोडू लागते. ओल्या केसांवर तापता चिमटा धरला, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात फुगे येतात आणि तो तिथेच तुटतो. तेव्हा हे काम करायचेच असेल तर केस पूर्ण वाळू द्या, आच मंद ठेवा आणि एकाच बटेवर पुन्हा पुन्हा चिमटा फिरवू नका. गरम वाऱ्याचे यंत्र केसांपासून वीतभर दूर धरा. आणि न्हाणीघरात, ओल्या हाताने विजेचे यंत्र कदापि वापरू नका.

रसायनांची गोष्ट निराळी. ती केसाचे बळकट बंधच तोडतात. २०२२ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. ३३,४९७ स्त्रियांची सुमारे अकरा वर्षे नोंद ठेवली होती. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्यांत सत्तर वर्षांपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण शेकडा १.६४ निघाले, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५. रसायनांमुळेच रोग झाला, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण सावध व्हायला हे पुरेसे आहे.

केसांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवली आणि विधवांचे केस भादरणार नाही, असा निर्धार केला. हातावर पोट असलेल्या माणसांनी मिळकतीवर पाणी सोडून परक्या बाईच्या केसांची राखण केली! अमेरिकेतही १९६० च्या दशकात तरुण-तरुणींनी फणी बाजूला ठेवली आणि आपले कुरळे केस अभिमानाने मिरवले. तरी कायदा यायला वेळ लागला. केसांच्या जातिवंत ठेवणीवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करू नये, असा कायदा कॅलिफोर्निया राज्याने सर्वांआधी केला, तो २०१९ साली.

म्हणून आजीबाईंना माझे सांगणे, की नातीला रागावू नका. हौसेने केस सरळ केले तर संध्याकाळी न्हाल्यावर ते पुन्हा पहिल्यासारखे होतील. त्यात काही बिघडले नाही. पण ती लाजेपोटी करत असेल, तर मात्र जवळ बसवून विचारा, तुला कोण काय बोललं? आणि गुरुजनहो, वर्गात एखादीच्या कुरळ्या केसांना 'झिपऱ्या' म्हणून हसू उठते, तेव्हा आपण हसणाऱ्यांत नसावे. चुलीवर तापलेल्या फणीचा चटका कानाला बसतो आणि चार दिवसांत बरा होतो. त्या हसण्याचा चटका पोर जन्मभर घेऊन हिंडते.